गाडीचा हिशेब आणि घराचा हिशेब

मैत्रिणींनो, सोनाराच्या दुकानात आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. घडणावळ किती, घट किती, मोडायला गेलं तर हातात किती पडतील, हे आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. पण तीच बाई चारचाकीच्या शोरूममध्ये गेली की तिच्या हातात रंगांचा तक्ता देतात! "मॅडम, कलर कुठला आवडला?" आणि इंजिनाचं बोलणं सगळं यजमानांशी. म्हणून म्हटलं, या खेपेला आपणच चार गोष्टी समजून घेऊ या. घरात गाडी घ्यायचं चाललं असेल तर तुम्हालाही उपयोग होईल.

आम्ही राहतो मांजरीत. एका बाजूला द्राक्ष संशोधन केंद्र, दुसऱ्या बाजूला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, मधून रेल्वेची लाइन, आणि उरलेल्या जागेत दर सहा महिन्यांनी उगवणारी नवी इमारत, असं हे आमचं गाव. २०२१ साली ते महापालिकेत गेलं. मी सकाळच्या वेळात एका शाळेत अर्धवेळ शिकवते आणि संध्याकाळी घरी मुलांची शिकवणी घेते. माझे सासरे, अप्पा, यांना गेल्या वर्षापासून डायलिसिस सुरू आहे. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. रुग्णालय आहे पुलगेटच्या पुढे. यांची नोकरी चाकणला, सकाळी सातला कंपनीची बस. तेव्हा अप्पांना न्यायचं-आणायचं काम माझं. पंधरा नंबर, गाडीतळ, वैदूवाडी, फातिमानगर, भैरोबा नाला हा रस्ता ज्यांना माहीत आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

आमची जुनी गाडी छोटी, बुटकी. तिच्यात बसताना अप्पांना गुडघ्यावर जोर देऊन खाली जावं लागतं, आणि उतरताना तर दोघांनी हात धरावे लागतात. डायलिसिसनंतर अंगात त्राण नसतं. म्हणून ठरलं की आता उंच बैठकीची गाडी घ्यायची, जिला हल्ली सगळे एसयूव्ही म्हणतात.

इथपर्यंत घरात एकमत होतं. पुढे मात्र दोन तट पडले. हे म्हणाले, "घ्यायचीच तर हायब्रिड घेऊ. पेट्रोलची बचत होते." माझं म्हणणं, साधी पेट्रोल बघू, स्वस्त पडते. त्यात नणंदेचा इंग्लंडहून फोन. "वहिनी, तू प्लग-इन घे गं! मी रात्री भिंतीला लावून ठेवते, सकाळी तयार. पंपावर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जाते." झालं! तीन माणसं, तीन गाड्या.

मग मी एक शंभर पानी वही काढली आणि आधी हे प्रकार काय आहेत ते समजून घेतलं. तुम्हालाही सांगते, अगदी सोप्या भाषेत.

साधी पेट्रोल गाडी आपल्याला ठाऊकच आहे. सिग्नलला उभी असली तरी इंजिन धडधडतं, पेट्रोल जळतं. ब्रेक दाबला की गाडीचा वेग वाया जातो, नुसती उष्णता होऊन उडून जातो.

हायब्रिडमध्ये पेट्रोलचं इंजिन असतंच, शिवाय एक विजेची मोटर आणि बॅटरी असते. ब्रेक दाबला की तीच मोटर उलटी राबते आणि वीज तयार करते. म्हणजे वाया जाणारा वेग बॅटरीत साठतो. सासवडहून येताना दिवे घाट उतरलं की बॅटरी आपोआप भरते, पैसा न घेता! पुढे गर्दीत हळूहळू सरकताना तीच वीज वापरली जाते आणि इंजिन बंद राहतं. टोयोटाने जपानमध्ये १९९७ साली प्रिअस काढली, तेव्हापासून ही युक्ती चालत आली आहे. आपल्याकडे मध्यम आकाराच्या एसयूव्हीत ती २०२२ साली टोयोटाच्या हायरायडर आणि मारुतीच्या ग्रँड विटाराबरोबर आली. पण या गाड्यांतली बॅटरी केवढी? पाऊण युनिटाची! आपल्या घरचा गीझर अर्धा तासही चालायचा नाही तेवढ्यात. तिला भिंतीचा प्लग नसतो. म्हणजे शेवटी सगळी शक्ती येते ती पेट्रोलमधूनच. हायब्रिड फक्त ते सांडू देत नाही, एवढंच.

प्लग-इन हायब्रिड म्हणजे या दोन्हींची मोठी बहीण. इंजिन आहे, मोटर आहे, पण बॅटरी कितीतरी पट मोठी आणि तिला प्लग आहे. रात्री घरी चार्ज करायची. साधारण चाळीस-पन्नास किलोमीटर नुसत्या विजेवर जाते, मग पेट्रोल सुरू. चीनच्या बीवायडी कंपनीने २००८ साली अशी गाडी बाजारात आणली. नणंदेकडे जी जुनी गाडी आहे, मित्सुबिशीची आउटलँडर, ती २०१३ साली जपानमध्ये निघाली आणि इंग्लंडात खूप खपली.

आता एक सावधगिरीची सूचना. शोरूममध्ये 'हायब्रिड' हा शब्द फार सैल वापरतात. 'माइल्ड हायब्रिड' म्हणून एक प्रकार आहे, त्यात मोटर इंजिनाला नुसता हात देते, स्वतः गाडी ओढत नाही. तेव्हा विक्रेत्याला सरळ एकच प्रश्न विचारा: "इंजिन बंद असताना ही गाडी चालते का?" उत्तर 'हो' आलं तरच पुढचे जादा पैसे मोजायचा विचार करा. मी विचारलं तेव्हा तो मुलगा क्षणभर यांच्याकडेच बघत राहिला!

प्लग-इनचा हिशेब मी आधी केला, कारण मला ती मनापासून आवडली होती. आमचं रुग्णालयाचं जाणं-येणं अठ्ठावीस किलोमीटर. म्हणजे सगळं विजेवरच! एवढी मोठी गाडी एका युनिटात पाचेक किलोमीटर जाते. वरच्या टप्प्यातला युनिट तेरा रुपयांना धरला, तर किलोमीटरला २ रुपये ६० पैसे. पेट्रोलपुढे हे काहीच नाही. पण बाई, गाडी आहे कुठे? आपल्याकडे प्लग-इन आल्या त्या व्होल्वो, रेंज रोव्हर अशा श्रीमंतांच्या घरच्या. व्होल्वोची प्लग-इन एक्ससी९० आपल्याकडे २०१६ साली आली, ती कोटीच्या वरच्या किमतीत. आमच्या ऐपतीतली एकही मला शोरूममध्ये मिळाली नाही.

आणि मिळाली असती तरी दुसरी अडचण होतीच. आमची पार्किंगची जागा उघड्यावर, इमारतीपासून लांब. केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्येच सांगून ठेवलं आहे की घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. पण तिसऱ्या मजल्यावरच्या मीटरपासून त्या कोपऱ्यापर्यंत केबल न्यायची म्हणजे सोसायटीची बैठक आली, आणि सोसायटीची बैठक म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. शुद्ध विजेची गाडी याच कारणाने आम्ही बाजूला ठेवली. नाहीतर तिला जीएसटी फक्त ५ टक्के, आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफीसुद्धा. ज्यांच्या घराला स्वतःचं अंगण आहे, त्यांनी तिचा विचार आधी करावा.

प्लग-इनबद्दल आणखी एक गोष्ट वाचली, ती मला आपल्या बायकांच्या दृष्टीने फार बोलकी वाटली. युरोपियन कमिशनने २०२४ साली प्रत्यक्ष रस्त्यावरच्या गाड्यांची माहिती तपासली. प्लग-इन गाड्यांचा धूर कागदावरच्या आकड्यापेक्षा सरासरी साडेतीन पट निघाला! साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या बाबतीत हा फरक फक्त वीस टक्क्यांच्या आसपास होता. कारण काय? मालक ती भिंतीला लावतच नाहीत म्हणावं तेवढी. प्लग न लावलेली प्लग-इन म्हणजे जड बॅटरीचं ओझं वाहणारी पेट्रोल गाडीच. घरात मिक्सर, फूड प्रोसेसर, काय काय आणून माळ्यावर टाकलेलं असतं, त्यातलाच प्रकार. वस्तू चांगली असून भागत नाही, ती रोज वापरायची सवय आणि सोय आपल्या घरात हवी.

तेव्हा उरल्या दोनच. एकाच गाडीची पेट्रोल ऑटोमॅटिक, आणि तिचीच हायब्रिड. दोन्ही चार मीटरहून लांब, म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या दरांप्रमाणे दोन्हींना जीएसटी ४० टक्के. (चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची असेल तर १८ टक्के, हे लक्षात ठेवा. आम्ही तीही पाहिली. पण अप्पांची घडीची चाकाची खुर्ची ठेवायला मागची अर्धी सीट पाडावी लागली, मग मुलीने बसायचं कुठे?) आम्हाला मिळालेल्या कोटेशनात दोन्हींच्या रस्त्यावर येईपर्यंतच्या किमतीत फरक होता सव्वादोन लाखांचा.

आता ॲव्हरेज. गाडी लिटरला किती चालते, हे तपासणारी मोठी संस्था आपल्या पुण्यातच आहे, वेताळ टेकडीवरची एआरएआय, १९६६ सालची. ग्रँड विटारा आली तेव्हाचे आकडे असे होते: पेट्रोल ऑटोमॅटिक २०.५८ आणि हायब्रिड २७.९७ किलोमीटर. पण ही परीक्षा रोलरवर, ठरलेल्या वेगाने आणि एसी बंद ठेवून घेतलेली. भैरोबा नाल्यावर मे महिन्यात कोण एसी बंद ठेवतं?

म्हणून मी दुसरा मार्ग धरला. आमच्या शाळेतल्या एका बाईंकडे तशी पेट्रोल गाडी आहे आणि शेजारच्या इमारतीत एकांकडे हायब्रिड. दोघांना सांगितलं, "टाकी काठोकाठ भरा, आकडा लिहून ठेवा, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा काठोकाठ भरा." जितकं पेट्रोल मावलं तितकं खाल्लं. गर्दीच्या रस्त्यावर पेट्रोलने दिले बारा, हायब्रिडने वीस. बघा हं, कागदावर हायब्रिडचा फायदा दीडपटीपेक्षाही कमी दिसतो, आणि गर्दीत तो पावणेदोन पटीच्या जवळ जातो. कारण गर्दीत थांबणं फार, आणि थांबण्यातच हायब्रिड वाचवते. मोकळ्या सोलापूर रस्त्यावर दौंडच्या पुढे एका वेगाने गेलात तर हा फरक पुष्कळ कमी होतो. तेव्हा ज्यांची गाडी महामार्गावर धावते, त्यांनी शहरातल्या आकड्यांवर भुलू नये.

पेट्रोलबद्दल एक जाताजाता सांगते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि आपल्याकडचं बरंचसं इथेनॉल उसापासून येतं. ज्या उसावर आमच्या मांजरीत संशोधन चालतं, त्याचाच रस आता गाडीच्या टाकीत! पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा शक्ती कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटतं. जुन्या वहीतल्या आकड्यांवर विसंबू नका, नव्याने मोजा.

आमचं फिरणं वर्षाला दहा हजार किलोमीटर. पेट्रोल १०४ रुपये धरलं. साधी गाडी ८३३ लिटर खाणार, म्हणजे ८६,६०० रुपयांच्या आसपास. हायब्रिड ५०० लिटर, म्हणजे ५२,००० रुपये. वर्षाची बचत ३४,६०० रुपये. सव्वादोन लाख फिटायला साडेसहा वर्षं.

हे विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ! बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची आहे. एक लाख साठ हजार किलोमीटर. साडेसहा वर्षांनंतर सगळा फायदाच."

मैत्रिणींनो, इथे मला थांबावंसं वाटलं. कारण ते सव्वादोन लाख यायचे कुठून? कर्जाचा हप्ता आधीच झेपेल तेवढा. उरली ती माझी ठेव. सात वर्षं शिकवणीचे पैसे मी बँकेत वेगळे ठेवत आले. यांनी कधी मागितले नाहीत, मीही कधी बोलले नाही. पण बोलण्याच्या ओघात ते हिशेबात आपसूकच येऊन बसले होते.

मी वही पुन्हा उघडली. ठेवीवर साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला साडेचौदा हजार. ते बुडणार. म्हणजे खरी बचत चौतीस नव्हे, वीस हजार. आणि साडेसहा वर्षांची झाली अकरा वर्षं! हायब्रिड विकताना काही जादा येतील, ते मान्य. पण किती, ते आज कोण सांगणार?

जेवणं झाल्यावर हे सगळं बोलणं चाललं होतं. अप्पा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. आम्हाला वाटलं, झोपले. तेवढ्यात म्हणाले, "साडेसहा वर्षं? म्हणजे गाडी फिटेपर्यंत मला जगावं लागणार तर! आणि सूनबाई तर अकरा म्हणते!" आणि हसले. आम्हाला कुणालाच हसू आलं नाही. मुलगी उठून त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली.

त्या रात्री मी यांना सांगितलं, "अहो, हायब्रिड वाईट नाही. गर्दीत इंजिन बंद असताना तिचा एसी बॅटरीवर चालतो, अप्पांना धक्के कमी बसतील, हे सगळं मला पटतं. पण बॅटरीत घातलेले पैसे रात्री दोन वाजता काढता येत नाहीत. गेल्या पावसाळ्यात अप्पांना एकाएकी दाखल करावं लागलं, तेव्हा काउंटरवर पहिला प्रश्न अनामत रकमेचा होता. ही ठेव त्यासाठी राहू द्या."

हे दोन दिवस गप्पच होते. त्यांनाही नवी वस्तू घेण्याची हौस, त्यात चाकणच्या कारखान्यातला माणूस, यंत्राचं कौतुक रक्तात. तिसऱ्या दिवशी डबा भरताना म्हणाले, "पेट्रोलच घेऊ. पण ऑटोमॅटिक हं, तुझा डावा पाय दुखतो क्लचने." मला वाटलं, यांना हे कधी कळलं?

गाडी नक्की करण्याआधी मी एक काम केलं, ते तुम्हीही करा. शिवणाची टेप घेऊन गेले. अप्पा घरात ज्या खुर्चीवरून आधाराशिवाय उठतात, तिची जमिनीपासूनची उंची मोजली आणि शोरूममधल्या गाडीची बैठक मोजली. काही एसयूव्ही इतक्या उंच की म्हातारं माणूस चढणार कसं! बैठक अशी हवी की वाकायलाही नको आणि चढायलाही नको. मग चाकाची खुर्ची मागे ठेवून पाहिली. हायब्रिडमध्ये बॅटरीमुळे डिकी लहान होते, आणि सीएनजीमध्ये सिलिंडर जागा खातो, हे तिथेच कळलं. तो विक्रेता मुलगा आधी हसत होता. नंतर स्वतःच खुर्ची उचलायला आला.

आता तुमच्यासाठी थोडक्यात. तुमची गाडी वर्षाला वीस हजार किलोमीटर आणि तीही शहराच्या गर्दीत धावत असेल, तर हायब्रिड जरूर घ्या. आमचेच आकडे धरले तर बुडालेलं व्याज वजा जाता वर्षाला साडेचोपन्न हजार वाचतात, जादा पैसे चार-सव्वाचार वर्षांत वसूल. फिरणं दहा हजारांच्या आत असेल तर साधी पेट्रोल पुरे. दाराशी प्लग असेल, रोजचं जाणं ठरलेलं असेल, तर विजेची बघा. आणि उद्या ऐपतीतली प्लग-इन आली तर तीही, पण रोज रात्री वायर लावायची जबाबदारी कुणाची, ते आधी घरात ठरवा. बहुधा ती आपल्यावरच येईल!

आणि हिशेब करताना एक रकाना आपल्या हाताने आखा. घरातले जादा पैसे कुठून येणार आणि अडीनडीला ते परत हातात येतील का, हा तो रकाना. शोरूमच्या कोटेशनवर तो नसतो.

गाडी पुढच्या महिन्यात यायची आहे. रंग अप्पांनी निवडला, पांढरा. "रात्री लांबून ओळखू येते," म्हणाले.